माँटगोमेरी काउंटीत कायदा नेमका कोण करते?

प्रश्न : नवा_जर्मनटाउनकर
आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून मेरीलँडमधील जर्मनटाउनला राहायला आलो. गेल्या पानगळीत शेजारच्या आवारात पेट्रोलवर चालणारे लीफ ब्लोअर (पाने उडवून गोळा करणारी यंत्रे) सकाळपासून घरघरत असत. अशा यंत्रांवर बंदी आहे असे कानावर आले, म्हणून तक्रारीसाठी महापौरांचे कार्यालय शोधू लागलो, तर येथे महापौरच नाही असे कळले. मग हा कायदा केला कोणी, आणि मतदानाचा हक्क नसलेल्या आमच्यासारख्यांचे तेथे कोणी ऐकून घेते का?

उत्तर : पोटोमॅककाठी
जर्मनटाउन हे नाव टपालाच्या पत्त्यात असले, तरी कायद्याने ते शहर नव्हे. रॉकव्हिल किंवा गेथर्सबर्गला स्वतःची परिषद आणि महापौर आहेत. तुमच्यासाठी मात्र माँटगोमेरी काउंटी (राज्याचा जिल्ह्यासारखा विभाग) हीच नगरपालिका. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या या काउंटीची कायदे करणारी परिषद रॉकव्हिलमध्ये भरते. 2020 च्या सार्वमताने तिची सदस्यसंख्या 9 वरून 11 झाली. सात सदस्य आपापल्या मतदारसंघातून आणि चार संपूर्ण काउंटीतून येतात, त्यामुळे प्रत्येक मतदाराला पाच सदस्य निवडता येतात. कार्यकारी प्रमुखाची निवडणूक वेगळी होते. पुण्यात महापालिका आयुक्त राज्य सरकार नेमते, येथे मात्र प्रशासनाचा प्रमुखही थेट मतदारांना उत्तरदायी असतो. मला हाच सर्वांत मोठा फरक वाटतो.

उत्तर : जुना_रॉकव्हिलकर
तुम्ही म्हणता तो कायदा म्हणजे 2022 सालचे 18 क्रमांकाचे विधेयक. ते कार्यकारी प्रमुखांना हवे होते, पण त्यांना स्वतः विधेयक मांडता येत नाही, म्हणून त्यांच्या विनंतीवरून परिषदेच्या अध्यक्षांच्या नावाने ते आले. त्यानंतर जनसुनावणी झाली, संबंधित समितीने कलमवार छाननी केली आणि सप्टेंबर 2023 मध्ये पूर्ण परिषदेने ते संमत केले. संमत विधेयकावर कार्यकारी प्रमुखाने दहा दिवसांत निर्णय घ्यायचा असतो. त्याने सहीही केली नाही आणि नकारही दिला नाही, तर अकराव्या दिवशी विधेयक आपोआप कायदा बनते. नकार दिलाच, तर तो फिरवायला साधे बहुमत पुरत नाही. तातडीचा नसलेला कायदा 91 व्या दिवशी लागू होतो, कारण तोपर्यंत पाच टक्के मतदारांच्या सह्या गोळा करून त्यावर सार्वमत मागण्याची सोय काउंटीच्या सनदेत (तिच्या मूळ घटनेत) ठेवलेली आहे. या कायद्यात मुदत त्याहूनही लांबवली होती : विक्रीबंदी 1 जुलै 2024 पासून, वापरबंदी 1 जुलै 2025 पासून.

विधेयकाचा मसुदा उघडून पाहावा. मूळ विधेयकाने घातलेल्या शब्दांखाली एक रेघ असते, नंतरच्या दुरुस्तीने आलेल्या शब्दांखाली दोन. वगळलेले शब्द तसेच एकेरी आणि दुहेरी चौकटी कंसांत ठेवलेले असतात. कोणाच्या हाताने काय बदलले, हे त्या रेघांवरून पानावरच वाचता येते.

उत्तर : पोटोमॅककाठी
एक पुरवणी : जमीनवापराच्या नियमांत बदल करताना परिषदेचे हेच सदस्य राज्याच्या वेगळ्या कायद्याखाली ‘जिल्हा परिषद’ म्हणून बसतात, आणि त्या ठरावांवर कार्यकारी प्रमुखाला नकाराधिकार नाही. नावाचे आपल्याकडील जिल्हा परिषदेशी साम्य योगायोगाचे आहे.

उत्तर : सुनावणीला_गेलेली
साक्ष देण्यासाठी मतदार असावे लागत नाही. मी व्हिसावर असताना एकदा बोलले होते. नाव पुकारले, नेमून दिलेला वेळ संपला आणि पुढच्याला बोलावले. मात्र सुनावणीत कोणी काही ठरवत नाही. मजकूर हलतो तो समितीत, त्यामुळे समितीच्या बैठकीआधी आपल्या मतदारसंघाच्या आणि काउंटीव्यापी अशा पाचही सदस्यांना, कोणत्या कलमात काय बदल हवा हे नेमके लिहून पाठवावे. तुमच्या बाबतीत कायदा आधीच झालेला असल्याने 311 या काउंटीच्या सेवा-क्रमांकावर तक्रार नोंदवणे पुरे. अंमलबजावणी पर्यावरण संरक्षण विभागाकडे आहे.