३.९ टीएमसी खरंच किरकोळ आहे का? (कोलोरॅडो आणि म्हादई)

रानवाट_सत्तरी
अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीबद्दल बरंच वाचलं, आणि इथे कर्नाटक आपल्या म्हादईच्या (खाली गोव्यात तीच मांडवी) कळसा आणि भांडुरा या नाल्यांचं ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पिण्यासाठी मलप्रभा नदीत वळवू पाहतंय, म्हणून हा धागा. ॲरिझोनाच्या वाळवंटातली तिची ग्रँड कॅन्यन ही घळ ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून खोल. तिच्या वरच्या बाजूला १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले. तेव्हापासून जवळजवळ सगळा गाळ पॉवेल जलाशयात अडकतो. खालची नदी उन्हाळ्यात गढूळ आणि कोमट असायची, आता धरणाच्या तळाचं गार, नितळ पाणी येतं. वाळूचे काठ खचले, हम्पबॅक चब हा तिथला मासा धोक्यात आला. १९९६ पासून अधूनमधून मुद्दाम पूर सोडतात, वाळू परत काठावर चढावी म्हणून. मेक्सिकोत तर नदी बहुतेक वर्षं समुद्राला पोचतच नाही.
माझं मत स्पष्ट आहे: कळसा-भांडुराचं पाणी मलप्रभेत वळवू नये. खोऱ्याबाहेर गेलेलं पाणी परतत नाही.

हिशेबी_फोंडा
तुलना पटली नाही. तिथे वाळवंट, इथे सत्तरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. २०१८ च्या निवाड्यात म्हादई पाणीतंटा लवादाने खोऱ्यात १८८ टीएमसी पाणी धरलं आणि कर्नाटकला १३.४२ दिलं. त्यातलं ८.०२ वीजनिर्मितीसाठी, म्हणजे नदीतच राहणारं. मलप्रभेत जाणार ३.९. दोन टक्के! गोव्याला २४ टीएमसी मिळालं, ते तरी आपण कुठे वापरतोय?

रानवाट_सत्तरी
हिशेबीबाब, कोलोरॅडोचंही वाटप असंच आकड्यांवर झालं होतं. १९२२ च्या करारात राज्यांनी वर्षाला दीड कोटी एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभं पाणी म्हणजे एक एकर-फूट) पाणी वाटून घेतलं, १९४४ मध्ये मेक्सिकोला आणखी १५ लाख देऊ केलं. ज्या वर्षांच्या मोजमापावर हा करार बेतला, ती भरघोस पावसाची होती. २००० नंतर नदीत सरासरी सव्वा कोटीच्या आसपास येतं. कागदावर नदी मोठी, पात्रात लहान.
तुमच्या १८८ मधलं बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये वाहून जातं. प्रश्न एप्रिल-मेचा आहे. भरतीचं पाणी मांडवीतून आत गांजे गावापर्यंत चढतं. वरून गोडं पाणी कमी आलं की खारं आणखी आत सरकणार, आणि खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतल्या) शेतकऱ्याला ते आधी कळणार. दोन टक्के वर्षाचे की मेचे, ते सांगा.

खानापूरची_लेक
माझं माहेर खानापूरचं, सासर डिचोलीचं. दोन्हीकडचं ऐकते म्हणून लिहिते. मलप्रभेचा उगम कणकुंबीचा, कळसा नालाही तिथलाच. त्या लोकांना ही नदी परकी वाटत नाही. नरगुंद-नवलगुंदचे शेतकरी २०१५ पासून आंदोलन करतायत, मलप्रभेचं धरण तेव्हा कित्येक वर्षं भरलं नव्हतं. हुबळी-धारवाडच्या बाईला माशाचं कारण सांगून पाणी नाकारायचं? कोलोरॅडोवरही चार कोटी लोक जगतात, तेवढं लिहायचं राहिलं तुमचं.

रानवाट_सत्तरी
ताई, तहानेला माझा विरोध नाही. पण मलप्रभेच्या लाभक्षेत्रात ऊस किती वाढला, तेही बोलू या. कोलोरॅडोचं सर्वांत जास्त पाणी शेतीच पिते, आणि त्यातही गुरांचा चारा. शहरांच्या तहानेचं नाव घेऊन पाणी शेतात गेलं, असं इथे व्हायला नको.

हिशेबी_फोंडा
मग आपल्या घरचंही बोला. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा म्हटलं, तर आपलंच सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. पाणी धरून ठेवणारं रान नको, नदी मात्र हवी? कर्नाटकाला सांगायचा अधिकार अशाने कमी होतो.

रानवाट_सत्तरी
हा मुद्दा शंभर टक्के मान्य. व्याघ्र प्रकल्प व्हायलाच हवा. सत्तरीत राहून सांगतो, आमच्या वाड्यांवर हे बोलणं सोपं नाही. लोकांना घर-बागायत जाण्याची भीती आहे आणि ती दूर करायला कोणी येत नाही.

खानापूरची_लेक
२०२३ मध्ये केंद्राने म्हादई लवादाचा निवाडा अमलात आणायला 'प्रवाह' प्राधिकरण नेमलंय. त्याने कणकुंबी आणि गांज्याला महिन्यागणिक पाणी मोजावं, आकडे उघड करावेत. मेमध्ये उरतच नसेल तर मीच माहेरी जाऊन सांगेन. पण उरत असेल तर तुम्ही अडवू नका.

रानवाट_सत्तरी
मोजणीला तयार आहे, दहा वर्षांची हवी. पण कणकुंबीला कालवा आधीच खोदून ठेवलाय. मोजणी संपेपर्यंत तिथे एक कुदळही पडता कामा नये.

हिशेबी_फोंडा
दहा वर्षं? नरगुंदचा शेतकरी तोवर थांबेल का? तीन पुरेत.