40 पीसचा टॅप-डाय सेट घेऊ नका, घराला पाच साइज पुरतात

वाइसवाला:
काल इथे एकाने लिहिलं की घरी वर्कशॉप मांडायचं तर ड्रिल मशिननंतर पहिली खरेदी 40 पीसचा टॅप-डाय सेट (टॅप होलमध्ये आटे पाडतो, डाय बोल्टवर), हजाराच्या आत सगळे साइज येतात आणि मिस्त्रीच्या मागे फिरायला नको. खाली पंधरा जणांनी "ऑर्डर केला" लिहिलंय म्हणून राहवलं नाही. तसाच डबा मी चार वर्षांपूर्वी घेतला होता. 17 टॅप, 17 डाय, बाकी हँडलं आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) बघायचं गेज. आता त्या 17 मध्ये काय आहे बघा, M3 (म्हणजे 3 एमएमचा) दोन पिचमध्ये, M4 दोन, M5 दोन, M7 सुद्धा दोन. 4 बाय 0.75 चा, म्हणजे 4 एमएम आणि पिच 0.75 असा स्क्रू कोणी हातात धरलाय का? M7 चा बोल्ट शेवटचा कधी बघितला? आणि प्रत्येक साइजचा टॅप एकेकच. टेपर, सेकंड, बॉटमिंग (सुरुवातीचा, मधला, तळापर्यंतचा) असा तीनचा सेट नाहीच, एकच कुठलातरी मधला, म्हणजे सुरुवातीला सरळ धरत नाही आणि ब्लाइंड, म्हणजे आरपार नसलेलं होल असेल तर तळापर्यंत आटे पडत नाहीत.

गेटच्या कडीसाठी 8 एमएमच्या पट्टीत M6 चे आटे पाडत होतो. होल 5 चं, गुण्या लावून टॅप सरळ बघितलेला, तेल सोडलेलं, अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे असं नीट चाललेलं. तिसऱ्या फेऱ्याला हाताला वेगळंच लागायला लागलं, लोखंड कापलं जात नाहीये, नुसतं दाबलं जातंय, आणि कट्. अर्धा टॅप आत. हातातला तुकडा उन्हात धरून बघितला तर दातांच्या कडा चकाकत होत्या. धार असलेली कड कधी चकाकत नाही, ज्याने पटाशीला धार लावलीय त्याला हे माहीत असेल. नवा टॅप होता तो, दुसऱ्यांदा वापरत होतो.

माझं म्हणणं एवढंच, M4, M5, M6, M8, M10 एचएसएसमध्ये (हाय स्पीड स्टील) घ्या, टोटेम, ॲडिसन अशा नावाजलेल्या कंपनीचे, तीनतीनचे सेट. सोबत त्याच मापाचे चांगले ड्रिल, 3.3, 4.2, 5, 6.8, 8.5. एक बरं टॅप हँडल. डाय घेऊच नका, बोल्ट बाजारात दोन रुपयाला मिळतो तो घरी कशाला बनवायचा.

गोदाकाठ:
पाच साइज गुणिले तीन म्हणजे पंधरा टॅप, त्यात तुमचे पाच ड्रिल, एवढ्या पैशात असले डबे किती येतील तो हिशेब पण लिहायचा होता. आणि "बोल्ट दोन रुपयाला मिळतो" हे वाचून डोकंच फिरलं. तुमच्याकडे मिळतो. आमच्याकडून हार्डवेअरचं दुकान 14 किलोमीटर आहे आणि संध्याकाळी सातला शटर खाली. गेल्या हंगामात कांद्याला पाणी द्यायचं होतं, लाइट यायची रात्री दीडला, आणि पंपाच्या फाउंडेशन बोल्टचे आटे मार खाऊन बसलेले, नट एक फेरा पण चढेना. बॅटरी दातात धरून त्याच डब्यातला M12 चा डाय फिरवला, काळा गंज आणि बुरा निघाला, दहा मिनिटांत नट बसला, दीडला मोटर चालू. त्या रात्री एचएसएसचा पंधरा टॅपचा सेट काय कामाचा होता सांगा?

दुसरं. बाइकच्या आरशाला 10 बाय 1.25 लागतो, ऑइलच्या ड्रेन बोल्टला 12 बाय 1.5. माझ्या डब्यात दोन्ही आहेत. तुमच्या पाचात एकही नाही. M7 ला हसायच्या आधी हे बघायचं.

जुना_टर्नर:
भोसरीत 31 वर्षं लेथवर काढली म्हणून बोलतो. डबा चांगला का वाईट हे नंतर, आधी होल बघा. टेबलात M6 ला 5 लिहिलंय, साइजमधून पिच वजा केलं की येतं ते. पण ते नव्या धारदार टॅपला. घरच्या हाताच्या कामाला माइल्ड स्टीलमध्ये 5.1 मारा, 5.2 पण चालतं, आटे जरा उथळ पडतात पण 8 एमएम जाडीत ताकदीला काही फरक पडत नाही आणि टॅप मोकळा फिरतो. निम्मे टॅप घट्ट होलमुळे तुटतात. निम्मे चुकीच्या तेलामुळे. बिडाला तेल लागत नाही, पितळ पण कोरडं चालतं, अल्युमिनियमला रॉकेल, स्टीलला कटिंग ऑइल. सगळीकडे इंजिन ऑइल सोडतात हल्ली पोरं आणि मग टॅपला शिव्या देतात.

आणि एक गोष्ट कोणीच बोलेना. तुमच्या घरातले निम्मे जुने बोल्ट एमएममध्ये नाहीतच. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझ्या वडिलांचा बेंच वाइस तीन सुती, पिठाच्या गिरणीचा गार्ड दोन सुती, खिडकीचे जुने गज, हातपंप सगळं सुतात. तुम्ही दोघं मेट्रिकच्या डब्यावर भांडताय, त्या वाइसला दोघांचाही डबा चालणार नाही.

मायक्रोमीटर:
सूत सूत सूत. हे बंद करा आता. वजनमापाचा मेट्रिक कायदा 1956 साली आला, एवढी वर्षं झाली तरी दुकानदार अडीच सुती म्हणतो आणि हातात आठ एमएम ठेवतो. पाच-सोळांश इंच म्हणजे 7.94 एमएम, बघून कळतं का कोणाला? पिच मात्र एकाचा 1.41 आणि दुसऱ्याचा 1.25. माझ्या मुलीच्या झोपाळ्याचा ब्रॅकेट असाच गेला. एकाच ट्रेमधून बोल्ट दिले त्याने, चारपैकी एक सुती होता, दोन फेरे हाताने गेला मग घट्ट, मी म्हटलं रंग असेल, पाना लावला. ब्रॅकेटचे आटे साफ सोलून निघाले. ती त्यावर बसायच्या आधी कळलं एवढंच नशीब. सुताचं प्रेम ज्यांना आहे त्यांनी ही जबाबदारी घ्यावी.

जुना_टर्नर:
चूक दुकानदाराची, शिव्या मापाला. पाना लावायच्या आधी बोल्टला पिच गेज का लावलं नाही? घरात जो पाण्याचा लोखंडी पाइप आहे ना, अर्धा इंची म्हणतो तो, बाहेरून मोजा, 21 एमएम भरेल, आणि आटे इंचाला 14. तो आजही इंचातच आहे. इंग्लंडच्या व्हिटवर्थने 1841 मध्ये 55 अंशाचा आटा ठरवला, त्याच्या आधी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा होता. कायद्याने जुना वाइस मेट्रिक होत नाही. जे लोखंड समोर आहे त्याच्या मापाने काम करायचं असतं.

मायक्रोमीटर:
समोरचं लोखंड ठीक आहे, नवीन माल सुतात विकणं बंद व्हायला नको का? तुमच्यासारखे अनुभवी लोकच "चालतंय" म्हणतात म्हणून ते चालतं. 31 वर्षं सांगून गप्प करू नका.

जुना_टर्नर:
गप्प कोणाला केलं? वर्षं सांगितली कारण तेवढी बोटं भाजलीत. नवीन माल एमएममध्येच असावा हे मलाही मान्य आहे, पण ते विचारलं कधी तुम्ही?

सायकलवाली:
दोघांनी जरा थांबा, चर्चा टॅपची आहे. आणि सुताच्या भांडणात सायकलला ओढू नका, तिच्यात दोन्ही आहेत. बाटलीचा स्टँड M5 बाय 0.8, गिअरचा हँगर (फ्रेमला गिअर जिथे बसतो तो भाग) M10 बाय 1, पेडल 9/16 इंच 20 आटे आणि डाव्या पेडलला उलटे आटे. मी सहा वर्षं सोसायटीतल्या सायकली दुरुस्त करतेय, वाइसवाला आणि गोदाकाठ दोघं वेगवेगळ्या कामाबद्दल बोलताय हे तुमच्या लक्षात कसं येत नाही? आटे साफ करणं वेगळं, नवीन पाडणं वेगळं. नव्या फ्रेमच्या M5 होलमध्ये पावडर कोटिंगचा रंग साचलेला असतो, त्याला डब्यातला कार्बन स्टीलचा टॅप मजेत चालतो, धार गेलेली असली तरी रंग निघतो. पण हँगरचे आटे सोलले गेले तेव्हा मी M10 बाय 1 चा एचएसएस वेगळा मागवला, कारण तिथे चुकलं तर फ्रेमच गेली. डबा फेकू नका, पण नव्या लोखंडात घालू नका.

वाइसवाला:
हे पटतंय. ड्रेन बोल्टचा 12 बाय 1.5 माझ्या यादीत नव्हता, ती माझी चूक. आणि डाय घेऊच नका म्हटलं ते मागे घेतो, गोदाकाठ यांची रात्र वाचून. पण "पहिली खरेदी" म्हणून हा डबा नवख्याला सांगणं मला अजूनही चुकीचं वाटतं, नवखा साफ करत नाही, तो आधी होल मारतो आणि आटे पाडतो. माझा टॅप अजून त्या पट्टीत अडकलेला आहे.

गोदाकाठ:
मग तुमच्या महागड्या सेटला एक उत्तर द्या. कार्बन स्टीलचा टॅप तुटला तर गॅसवर लाल करून हळूहळू थंड केला की मऊ होतो, ड्रिलने काढता येतो. तुमची पट्टी आहे, कास्टिंग नाही, करून बघा. एचएसएस तुटला तर तसा मऊ होत नाही, ठिणगीने टॅप झिजवून काढणाऱ्या स्पार्क मशिनवाल्याकडे जा. माझा एकदा अल्युमिनियमच्या कव्हरमध्ये तुटला होता, तुरटीच्या पाण्यात दिवसभर उकळत ठेवला, पाणी काळं पडत गेलं आणि संध्याकाळी चिमट्याने उरलेला चुरा बाहेर काढला. अल्युमिनियमला काही झालं नाही.

जुना_टर्नर:
तुरटी बरोबर आहे, घड्याळवाले पितळेतून तुटलेला स्क्रू असाच काढतात. लोखंडी पार्ट घालू नका त्यात, टॅपसोबत पार्ट पण खाल्ला जाईल. आणि लाल करायचं पण बरोबर, राखेत गाडून थंड करा. डब्याबद्दल माझं मत सायकलवालीसारखंच आहे, फक्त त्यातल्या पिच गेजवर भरवसा ठेवू नका सुती बोल्टला, ते 60 अंशाचं असतं, सुती आटा 55 चा.

मायक्रोमीटर:
आत्ता माळ्यावरच्या जुन्या शटरचा बोल्ट काढून मोजला. इंचाला 18 आटे. अडीच सुती आहे. होलचे आटे पण गेलेत. टॅप कोणता मागू?

जुना_टर्नर:
5/16 बीएसडब्ल्यू (व्हिटवर्थचा इंची आटा) म्हणा, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात रविवार पेठेत तीनचा सेट मागा, नुसतं अडीच सूत म्हटलं तरी कळतं त्यांना. होल गेलंय म्हणता तर आधी तोच टॅप जुन्या होलात फिरवून बघा किती आटे शिल्लक आहेत. बाजूला नवीन मारायचं झालं तर ड्रिल 6.5.