मदत हवी आहे: व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅबिनेटमधली पिक्चर ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर ठेवावा की काढावा?

नमस्कार. माझ्या मामांचे परळला व्हिडिओ गेमचे पार्लर होते. त्यातले एकच कॅबिनेट उरले होते आणि गाळा रिकामा करताना ते मी घरी आणले. त्यात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवून जुने खेळ खेळता येतील असे यंत्र करण्याचा माझा विचार आहे. सुतारकाम आणि सोल्डरिंग मला जमते. टीव्हीच्या आतल्या भागाला मात्र मी आजवर हात लावलेला नाही, आणि नेमके तिथेच काम अडले आहे.

कॅबिनेट स्थानिक सुताराने प्लायवूडचे केलेले आहे. आत २० इंची रंगीत पिक्चर ट्यूब, तिचे चॅसिस (ट्यूब चालवणारे सर्किट), ५ आणि १२ व्होल्ट देणारी एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा संच) आणि तळाशी एक जड ट्रान्सफॉर्मर आहे. वायरिंग जामा पद्धतीचे, म्हणजे जपानमध्ये १९८५ साली प्रमाण ठरलेल्या ५६ टोकांच्या जोडणीचे आहे. मूळ बोर्ड ‘मुस्तफा’चा असून तो बिघडलेला आहे. (कॅपकॉमच्या १९९३ सालच्या या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आहे, हे मला फार उशिरा कळले, पार्लरमध्ये ते नाव कोणी उच्चारल्याचे आठवत नाही.) २६ जुलै २००५ च्या पावसात गाळ्यात गुडघाभर पाणी शिरल्यामुळे खालचा वीतभर प्लाय फुगला आहे, तो कापून मी नवा जोडणार आहे. त्या पावसानंतर कॅबिनेट एकदाही सुरू केलेले नाही.

पहिला प्रश्न चित्राचा आहे. अशी ट्यूब साधारण १५.७ किलोहर्ट्झच्या आडव्या वारंवारितेवर चालते आणि संगणकाचा नेहमीचा व्हीजीए सिग्नल ३१ किलोहर्ट्झच्या पुढचा असतो, त्यामुळे तो थेट जोडता येणार नाही, इतके मला वाचून समजले आहे. रास्पबेरी पायच्या जीपीआयओ पिनांवरून (सिग्नल आत-बाहेर नेणाऱ्या टोकांवरून) लाल, हिरवा, निळा आणि सिंक (चित्र जागेवर स्थिर ठेवणारा) हे सिग्नल घेऊन ते जामाच्या जोडणीला देणारे तयार बोर्ड मिळतात. असा बोर्ड कोणी वापरला आहे का, आणि चित्र फिके येते ही तक्रार खरी आहे का? एलसीडी बसवणे सोपे आहे याची मला कल्पना आहे, पण ‘मुस्तफा’चे मूळ चित्र जेमतेम ३८४ बाय २२४ ठिपक्यांचे आहे, ते एलसीडीवर ताणले की कोरड्या चौकोनांचे दिसते, त्यामुळे तो पर्याय मी नाइलाज झाल्यावरच स्वीकारीन.

दुसरा प्रश्न ट्रान्सफॉर्मरचा. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांच्या मते एसएमपीएस असताना तो निरुपयोगी आहे, म्हणून काढून टाकावा आणि चॅसिसला थेट २३० व्होल्ट द्यावेत. मला हे पटलेले नाही, पण का पटलेले नाही तेही सांगता येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर:

ट्रान्सफॉर्मर काढू नका. एसएमपीएस गेमच्या बोर्डासाठी असते, तर हा ट्रान्सफॉर्मर बहुधा मॉनिटरसाठी आहे. अशा अनेक चॅसिसचे ग्राउंड घरच्या विजेपासून विलग केलेले नसते. ते विलग करण्याचे काम बाहेरचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर करतो. तो काढून सिग्नलची ग्राउंड वायर रास्पबेरी पायला जोडली, तर तो संगणक जळेलच, शिवाय जॉयस्टिकच्या धातूच्या पट्टीतही वीज उतरू शकते. आपला ट्रान्सफॉर्मर त्याच प्रकारचा आहे का, हे प्लग काढून आणि त्याच्या सगळ्या वायरी सोडवून मल्टिमीटरने पाहता येईल. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायरींमध्ये कंटिन्युइटी (थेट विद्युत जोड) मिळाली, तर तो ऑटो ट्रान्सफॉर्मर आहे आणि त्याने संरक्षण मिळणार नाही.

मात्र खरी अडचण आपण प्लाय फुगल्याचे सांगताना सहज लिहून गेला आहात. पाणी गुडघाभर होते आणि ट्रान्सफॉर्मर तळाशी आहे, म्हणजे तो बुडालेला असणार. इतक्या वर्षांत तो वाळला असला तरी आतले इन्सुलेशन शाबूत असेलच असे नाही, आणि ते साध्या मल्टिमीटरवर कळत नाही. एखाद्या मोटर वाइंडिंगवाल्याकडून ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरवर) दोन्ही वाइंडिंगमधले आणि वाइंडिंग व लोखंडी गाभा यांमधले इन्सुलेशन तपासून घ्या. शंका आली तर त्याच व्होल्टेजचा आणि क्षमतेचा नवा बांधून घेणे उत्तम. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी करावी. पहिल्यांदा वीज देताना शंभर वॅटचा जुना, तारेचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. चॅसिसमध्ये कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहील आणि पुढचे नुकसान टळेल.

ट्यूबच्या रबरी टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो बराच काळ टिकू शकतो. ट्यूबभोवतीच्या वेणीसारख्या अर्थ वायरला जोडलेल्या इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरने तो उतरवल्याशिवाय हात घालू नका. निदान पहिल्या वेळी हे काम माहितगाराकडून करून घ्या.

चित्र फिके येण्याची तक्रार खरी आहे. व्हीजीएच्या पातळीचा सिग्नल ०.७ व्होल्टचा असतो आणि गेमच्या मॉनिटरला त्याहून बराच जास्त लागतो, म्हणून व्हिडिओ अॅम्प्लिफायर असलेलाच बोर्ड घ्या. आवाजाचेही तसेच आहे: जामामध्ये स्पीकर चालवणारा अॅम्प्लिफायर गेमच्या बोर्डावर असतो, त्यामुळे पायबरोबर छोटा अॅम्प्लिफायर वेगळा लावावा लागेल. बटणांची काळजी नको. ‘मुस्तफा’ला दोनच लागतात.

धागाकर्त्याचे उत्तर:

मनःपूर्वक आभार. पाण्याचा आणि ट्रान्सफॉर्मरचा संबंध माझ्या लक्षातच आला नव्हता. आज वायरी सोडवून पाहिले. दोन वाइंडिंगमध्ये कंटिन्युइटी नाही, म्हणजे तो आयसोलेशनचाच दिसतो. मात्र खालच्या पत्र्यांवर गंज चढला आहे आणि गुंडाळलेला कागद बोट लावताच सुटून येतो आहे, त्यामुळे मेगरची वाट न पाहता मी नवा बांधून घेणार आहे. जुन्यावरच्या लेबलावर २३० व्होल्ट आत आणि ११० व्होल्ट बाहेर इतकेच वाचता येते, क्षमतेचा आकडा पुसला आहे. २० इंची ट्यूबच्या चॅसिससाठी किती व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर क्षमतेचा) सांगावा?