लोड दिला की इंजिन तापतंय, थर्मोस्टॅट काढू का?

हर्णैकर:
मासेमारी बोटीचं सहा सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन आहे. आत गोडं पाणी फिरतं, ते गार करायला खाऱ्या पाण्याचा कूलर. बंदरात न्यूट्रलला काटा ७५ वर गप्प बसतो. बाहेर १५०० आरपीएमच्या वर नेलं की थोड्या वेळात ९५. थ्रॉटल कमी केला की उतरतो. पावसाळी मासेमारी बंदी उठून बोट उतरवल्यापासून हेच चाललंय. इम्पेलर (खाऱ्या पाण्याच्या पंपातलं पात्यांचं रबरी चाक) नवा टाकलाय. एक्झॉस्टमधून पाणी पडतं, पण धार बारीक वाटते. तांडेल म्हणतो, थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे उघडझाप करणारा वॉल्व) काढून फेक.

मिरकरवाडा फिटर:
थर्मोस्टॅटला हात लावू नको. बऱ्याच इंजिनांत गरम झाल्यावर तोच बायपास (कूलर चुकवणारी वाट) बंद करून पाणी कूलरकडे ढकलतो. काढलास तर बरंचसं पाणी कूलर चुकवून इंजिनातच घिरट्या घालेल, काटा उलट वर जाईल.

लोडवर ताप आणि धार बारीक, म्हणजे खारं पाणी कमी पडतंय. बोटीच्या बुडाला खारं पाणी आत घेणारा वॉल्व असतो, तिथून सुरुवात कर. वॉल्व बंद करून होज काढ आणि क्षणभर उघडून बघ, पाणी जोरात उसळायला हवं. भोक बुजवायला हाताशी लाकडी गुट्टा ठेव. जून-जुलै बोट किनाऱ्यावर होती ना? तोंडावरच्या जाळीत कालवं तशीच वाळली असतील. मग गाळणीच्या झाकणाचं रबर बघ. तिथून हवा ओढली जात असेल तर बाहेर थेंब पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि पंपाच्या ओढीकडचा होज. आत तार नसेल तर आरपीएम वाढला की चपटा होतो. चालू इंजिनावरच चाचपायचा, बंद केलं की लबाड परत गोल!

जुन्या इम्पेलरची पाती मोजलीस? तुटलेलं पातं कूलरच्या तोंडाशी अडकतं.

मालवणवाला:
आम्ही कूलरच काढून बुडाखालून कील कूलिंगचे पाइप घातले, इंजिनाचं गोडं पाणी त्यातूनच फिरून गार होतं. खाऱ्या पाण्याचा पंपच नको. पण एक्झॉस्ट कोरडा होतो, त्याला नीट लॅगिंग (उष्णता अडवणारं वेष्टन) लागतं. आणि बोट ओढताना पाइप चेपले की बोंब.

हर्णैकर:
काका, होजच! बिनतारेचा निघाला, १४०० ला बसत होता. जुन्या इम्पेलरचं एक पातंही गायब आहे, कूलर उद्या खोलतो. गाळणीपुढे एक जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) एल्बो आहे, बाकी सगळं गनमेटल (तांबं-कथलाचा मिश्रधातू). राहू दे का?

मिरकरवाडा फिटर:
काढ. गनमेटलला लागून जीआय खाऱ्या पाण्यात लवकर कुजतो, गंज साचून भोकही बारीक होतं. साधं पितळही नको, त्यातलं जस्त निघून जातं आणि ते गुलाबी, ठिसूळ पडतं. गनमेटलचाच घे. होजला दोन्ही टोकांना दोन-दोन स्टेनलेस क्लिपा. कूलर खोलतोयस तर जस्ताची पेन्सिलही बघ (कूलर वाचवायला ती स्वतः झिजते), अर्धी झिजली असेल तर बदल. तिच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावू नको, धातूला धातू लागला तरच ती काम करते.