मदत हवी आहे: लॅबमध्ये काम मिळावं म्हणून प्राध्यापकांना ईमेल कसा लिहायचा?

नमस्कार ताई-दादांनो,

मी साताऱ्यात बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यात आयसर किंवा एनसीएल या विज्ञान संशोधन संस्थांच्या एखाद्या लॅबमध्ये दोन महिने काम करायची मनापासून इच्छा आहे. तीन विज्ञान अकादमींच्या समर फेलोशिपचा अर्ज भरणारच आहे, पण तिथे देशभरातली मुलं असतात, म्हणून थेट सरांना-मॅडमना लिहायचंही ठरवलंय.

सच्छिद्र पदार्थांवर काम करणाऱ्या एका मॅडमचे पेपर वाचलेत. कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्याचा भाग बऱ्यापैकी कळला, एक्स-रे डिफ्रॅक्शनचे (क्ष-किरणांनी पदार्थाची आतली रचना तपासण्याच्या पद्धतीचे) आलेख मात्र अर्धेच समजले. हे ईमेलमध्ये प्रामाणिकपणे लिहावं का? की त्याने मत वाईट होईल? आमच्या कॉलेजात टायट्रेशनच्या पुढे फारसं प्रॅक्टिकल होत नाही, तेही सांगावं का? बायोडेटा आणि मार्कशीट पहिल्याच ईमेलला जोडायची की मागितल्यावर? उत्तर नाही आलं तर किती दिवसांनी पुन्हा लिहावं?

स्टायपेंड नसेल तर पुण्यात राहणं घरच्यांना परवडणार नाही. हा विषय कधी काढायचा, हेच सगळ्यात अवघड वाटतंय.

कुणी असं काम मिळवलं असेल तर तुमच्या ईमेलचा मजकूर, नावं काढून, इथे टाकाल का? फार मदत होईल.