प्रतिसाद: इंजिन बंद पडलं तरी विमान उडतंच

इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं, असं वर एकांनी लिहिलंय. तसं होत नाही ओ. वारा नसेल तर ‘सेसना १७२’ हे एका इंजिनाचं छोटं विमान एक हजार फूट उंचीवरून साधारण पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. वेग तेवढा ६५ नॉटच्या (ताशी सुमारे १२० किमी) आसपास धरून ठेवायचा.

मला खरी काळजी वाटते ती जुन्या इंजिनांच्या कार्बुरेटरमधल्या (हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागातल्या) बर्फाची; त्यानंही इंजिन बंद पडतं. दमट हवेत, बाहेर २० अंश असतानाही तो धरतो. उजळाईवाडीची (कोल्हापूरच्या विमानतळाची) जुलैतली हवा अशीच! कार्बुरेटर हीट (त्यात गरम हवा सोडणारी कळ) ओढली की बर्फाचं पाणी आत जाऊन इंजिन आधी आणखीच खडखडतं. तिथंच घाबरून काही पायलट ती बंद करतात. करू नका, थांबा. आणि उतरायचंच झालं तर उभा ऊस टाळून तोडणी झालेलं रान गाठा.