खिचडीत डाळच नाही आणि खेळाचा तास गायब, काय करावं?

सायलीची आई: आमच्या झेडपी शाळेत खिचडी म्हणजे नुसता पिवळा भात असतो, डाळ शोधावी लागते, भाजी म्हणजे बटाट्याच्या दोन फोडी. वर खेळाच्या तासाला गणितं घेतात. यंदा मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, सरांशी नेमकं काय बोलू?

गुरुजी: ताई, आधी प्रमाण पाठ करा. पीएम पोषण या शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या सरकारी योजनेत पाचवीपर्यंत एका मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीला 150, 30 आणि 75. म्हणजे पाचवीपर्यंतची 60 पोरं जेवणार असतील तर 1 किलो 200 ग्रॅम डाळ पडलीच पाहिजे, सकाळी वजनकाट्यापाशी जाऊन उभ्या राहा. फक्त स्वयंपाक करणाऱ्या मावशींवर राग काढू नका हो, त्या बिचाऱ्या तुटपुंज्या मानधनावर राबतात, माल जेवढा हातात येतो तेवढाच शिजतो.

रानभाजी: परसबाग करा! हात धुवायच्या नळाचं पाणी वळवून शेवगा, मेथी मस्त येते.

नर्सताई: लोहाच्या गोळीचंपण विचारा, आठवड्याला एक, पाचवीपर्यंत गुलाबी आणि पुढे निळी. जेवल्यावरच द्यायची, उपाशीपोटी मळमळतं मग पोरं घ्यायलाच तयार होत नाहीत.

सायलीची आई: खूप आभार सगळ्यांचे. आणि खेळाचं?

गुरुजी: वेळापत्रकात तास असतोच, तो समितीच्या सभेत मागा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. लंगडी, खोखोला पैसा लागत नाही.